चालत्या जुन्या बुलेटची सगळी वीज एकदम जाते : दोष शोधावा कसा?

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार. वडिलांनी १९९४ साली घेतलेली ३५० सीसीची बुलेट मी गेली अकरा वर्षे चालवत आहे. इंजिन जुन्या पद्धतीचे, कास्ट आयर्नचे आहे. इग्निशन पॉइंट-कंडेन्सरचे (पॉइंट म्हणजे कॉइलची वीज जोडून-तोडून ठिणगी पाडणारी उघडझाप करणारी टोके), बॅटरी १२ व्होल्टची आणि हेडलाइटच्या डोमवर अँपिअर मीटर आहे (बॅटरीत वीज शिरली की काटा प्लसकडे, बाहेर गेली की मायनसकडे). आजवर गाडीने मला कधी रस्त्यात सोडले नव्हते. गेल्या तीन आठवड्यांत मात्र तीन वेळा सोडले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्यांदा हा प्रकार कासहून साताऱ्याकडे परतताना यवतेश्वर घाटात घडला. उतारावरच्या एका तीव्र डाव्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन एकाएकी बंद पडले. आधी धक्के बसले नाहीत, आवाज बदलला नाही. त्याच क्षणी हेडलाइट, मागचा दिवा आणि हॉर्नही गेला. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, पाऊस होता आणि धुक्यात पुढचे दहा फूटही दिसत नव्हते. गाडी कशीबशी कडेला घेऊन साइड स्टँडवर लावली. चावी चारपाच वेळा फिरवली. अँपिअर मीटरचा काटा मध्यावरून हलला नाही. मोबाइलच्या उजेडात फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. दहा-बारा मिनिटांनी गाडी ढकलत न्यावी असे ठरवून ती स्टँडवरून काढली, आणि हेडलाइट आपोआप लागला. पहिल्या किकला इंजिन सुरू झाले आणि गाडी घरापर्यंत आली.

दुसऱ्या वेळी सोसायटीच्या फाटकातून आत वळताना हेच झाले, तिसऱ्या वेळी पेट्रोल पंपावरून निघताना. दोन्ही वेळा थोड्या वेळाने वीज परत आली. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलून दिली, दुसऱ्या ठिकाणी इग्निशन स्विच बदलला. प्रत्येक वेळी चारपाच दिवस गाडी उत्तम चालली आणि पुन्हा तेच.

आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चार वर्षांपूर्वी एका ॲक्सेसरीच्या दुकानात ६०/५५ वॅटचा हॅलोजन आणि दोन जादा हॉर्न बसवून घेतले होते. त्या वेळी हेडलाइट बॅटरीवर घेतला. तेव्हापासून अँपिअर मीटरचा काटा मायनसकडेच जातो, प्लसकडे जाताना कधी दिसत नाही. परंतु बॅटरी उतरत नसल्यामुळे मी त्याकडे लक्ष दिले नाही. आता कोणी ठिणगीची कॉइल बदला म्हणते, कोणी आरआर युनिट (बॅटरी चार्ज करणारी वीज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बदला म्हणते. एकेक भाग बदलत जाण्याऐवजी दोष पद्धतशीर शोधण्याचा मार्ग कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

दोन स्ट्रोक

दहा मिनिटे थांबल्यावर गाडी सुरू होते हे वाचून माझा पहिला संशय कॉइलवर जातो. तापल्यावर कॉइलच्या आतली तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटते, असे मी पाहिलेले आहे.

मी स्वतः यामाहाची आरएक्स १०० ही दोन स्ट्रोक गाडी चालवतो, आणि तिची रचना वेगळी असल्यामुळे माझा अनुभव आपल्याला कितपत लागू पडेल हे तपासून घ्यावे. तिच्यात सीडीआय मॅग्नेटो आहे. ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनच तयार करते, त्यामुळे बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन चालत राहते. चावी बंद केली की एक वायर चासीला टेकवली जाते आणि ठिणगी थांबते. म्हणून तशा गाडीत हॉर्न-दिवे गेले तरी इंजिन चालू राहते, आणि उलट ती एक वायर कुठे घासून चासीला टेकली तर दिवे असूनही इंजिन बंद पडते. आपल्याकडे दोन्ही एकदम गेले, हे मला बुचकळ्यात टाकणारे आहे.

जुना वायरमन

मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत अनेक वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. बसगाड्या २४ व्होल्टच्या असतात, पण दोष शोधण्याची रीत तीच. घाटवाट यांनी वर्णन इतके नीट केले आहे की निम्मे निदान त्यांच्याच शब्दांत आहे.

प्रथम कॉइलबद्दल. तापून बिघडलेली कॉइल इंजिन बंद पाडील, परंतु हॉर्न आणि मागचा दिवा बंद पाडू शकणार नाही. ज्या वेळी सगळे एकदम जाते, त्या वेळी दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या मार्गावरच शोधावा लागतो. या गाडीत तो मार्ग लहान आहे : बॅटरीचा प्लस, फ्यूज, तिथून डोमपर्यंत जाणारी वायर, अँपिअर मीटर, इग्निशन स्विच, आणि परतीच्या बाजूला चासी व बॅटरीची मायनस केबल. यांच्या पलीकडचे काहीही, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, बल्ब, तूर्त विसरून जावे.

दुसरे, शॉर्ट आहे की वायर तुटली आहे, हे काटाच सांगतो. प्लसची वायर मीटरच्या पुढे कुठे चासीला टेकली तर काटा एका झटक्यात मायनसच्या टोकाला जातो आणि फ्यूज उडतो. आपला काटा मध्यावर मेल्यासारखा उभा राहिला आणि फ्यूज शाबूत राहिला. म्हणजे वीज कुठे सांडत नाही, ती वाटेतच अडते आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वीज तयार करणारा अल्टरनेटर इंजिनाबरोबर फिरतच असतो. आरआर युनिटमधून येणारी वायर रीतीप्रमाणे अँपिअर मीटरच्या दुसऱ्या नटाला, म्हणजे स्विचकडच्या बाजूला, जोडलेली असेल तर बॅटरीची वायर तुटली तरी अल्टरनेटरची वीज स्विचला मिळत राहते आणि चालते इंजिन सहसा असे क्षणात मरत नाही. आपले मेले. आणि आपण म्हणता की चार वर्षांपासून काटा प्लसकडे जात नाही. या दोन्ही गोष्टींचे एकच स्पष्टीकरण मला दिसते : हॅलोजन बसवताना आरआर युनिटची वायर मीटरपासून काढून खाली बॅटरीजवळ, फ्यूजच्या आसपास जोडली गेली असावी. तसे असेल तर बॅटरी चार्ज होते, पण तो प्रवाह मीटरमधून जातच नाही. मीटर फक्त खर्च दाखवतो. त्याचा अर्थ असाही होतो की बॅटरीची आणि अल्टरनेटरची, दोघांची वीज एकाच वायरीने डोमपर्यंत चढते. ती एक वायर सुटली की सगळे गेले.

आता आपल्या तिन्ही प्रसंगांकडे पुन्हा पाहा. घाटात डावे तीव्र वळण, फाटकात वळताना, पंपावरून वळून निघताना. प्रत्येक वेळी वेग कमी होता आणि हँडल पुष्कळ वळलेले होते. घाटात गाडी साइड स्टँडवर लावली तेव्हा हँडल डावीकडे पडलेले असणार. ती दहा मिनिटे वीज आली नाही. ढकलण्यासाठी हँडल सरळ केले आणि दिवा लागला. गाडी थंड झाल्यामुळे तो लागला असे मला वाटत नाही. स्टीअरिंगच्या मानेपाशी वायरिंगचा जो जुडगा चासीतून डोममध्ये शिरतो, तो प्रत्येक वळणाला वाकतो. तीस वर्षे वाकलेल्या वायरीत वरचे प्लॅस्टिक शाबूत राहते आणि आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात. दोन-तीन केस उरले की वायर सरळ असताना गाडी चालते आणि वाकली की थांबते.

हे माझे अनुमान झाले. आता ते मोजून पाहा, आणि इथे एक गोष्ट कृपया पक्की लक्षात ठेवा. मल्टिमीटर नुसता लावून १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली असे होत नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे एकच केस उरलेली वायरही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. हेडलाइट लावताच त्या वायरीतून ५ अँपिअर जाऊ पाहतात आणि तेव्हा तिचे खरे रूप कळते. आपला इग्निशन स्विच चांगला असूनही बदलला गेला तो बहुधा अशाच अपुऱ्या तपासणीमुळे.

म्हणून हेडलाइट चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजावा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे अँपिअर मीटरच्या त्या नटाला लावा, जिथे बॅटरीची वायर येते. वायर निर्दोष असेल तर ०.२ व्होल्टच्या आत आकडा दिसेल. मग टोके तशीच ठेवून हँडल हळूहळू डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. त्यानंतर हाच प्रयोग फ्यूजच्या दोन टोकांवर, अँपिअर मीटरच्या दोन नटांवर आणि स्विचच्या आत-बाहेरच्या टोकांवर करा. शेवटी बॅटरीचा मायनस आणि डोमचा एखादा उघडा स्क्रू यांच्यामध्ये मोजा. आकडा जिथे मोठा निघेल तिथे दोष.

हे करताना इंजिन बंद आणि चावी चालू राहणार, त्यामुळे पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत तीन-चार अँपिअर जाऊन ती तापेल. ते टाळण्यासाठी हेडलाइट लावण्याआधी किक हाताने सावकाश दाबत न्या. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे सरकतो आणि उघडले की परत येतो. परत आला तिथे किक थांबवा. पॉइंट, कॉइल आणि तिथपर्यंतची वाट ठीक आहे की नाही, हेही या एका हालचालीत कळते. मी मल्टिमीटर उघडण्याआधी नेहमी हे करतो.

बॅटरी काढायची झाल्यास आधी मायनस सोडा. प्लस आधी सोडताना पान्हा चासीला टेकला तर पान्ह्यातूनच शॉर्ट होतो.

मालवणी किनारा

वायरमन काकांचे अनुमान पटणारे आहे. तरीही अर्थिंगची, म्हणजे चासीतून परतीच्या वाटेची, तपासणी उरकून टाकण्यासारखी समजू नये, असे आमच्या किनाऱ्यावरचा अनुभव सांगतो. इथल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) आत हिरवा कळंक चढतो. वरून नट घट्ट असतो, वायर ओढली तर निघत नाही, आणि आत तांब्याची पूड झालेली असते.

माझ्या गाडीची चासी मी पावडर कोटिंग करून घेतली होती. काम सुबक झाले, पण बॅटरीची मायनस केबल ज्या जागी बोल्टने बसते तिथला रंग कोणी खरवडला नाही. वीज केवळ बोल्टच्या आट्यांतून परतत होती. सहा महिने सारे ठीक चालले. नंतर ब्रेक दाबला की हेडलाइट मंद व्हायचा, इंडिकेटर लावला की मीटरमधला बल्ब त्याच तालावर मिणमिणायचा. एकाचा परिणाम दुसऱ्यावर असा विचित्र दिसू लागला की परतीची वाट अपुरी पडते आहे आणि वीज दुसऱ्याच्या घरातून वाट काढते आहे, असे समजावे. शेवटी एके दिवशी सगळेच थांबले. रंग खरवडून धातू चकचकीत केला, नवे थिंबल बसवले, वरून पेट्रोलियम जेली लावली. तेव्हापासून तक्रार नाही.

घाटवाट, चासीला कधी रंग दिला असल्यास बॅटरीचा मायनस आणि इंजिनाचा एखादा बोल्ट यांच्यामध्येही, पॉइंट तेवढ्यापुरते मिटवून, ड्रॉप मोजावा. पॉइंटची परतीची वाट इंजिनातून जाते, डोममधून नव्हे.

पन्हाळा ३५०

माझे मत थोडे वेगळे आहे. १९९४च्या गाडीचे वायरिंग मूळचे असेल तर त्यात एक दोष शोधून काय उपयोग? आज मान, उद्या मागचा दिवा. संपूर्ण वायरिंग किट बदलावे, दीड दिवसाचे काम आहे आणि पुढची अनेक वर्षे डोकेदुखी राहत नाही. मी तेच केले.

जुना वायरमन

पन्हाळा ३५० यांचे म्हणणे चुकीचे नाही. वायरीचे प्लॅस्टिक वाकवल्यावर तडकत असेल तर किट बदलणे हाच खरा उपाय. माझा आग्रह फक्त क्रमाबद्दल आहे. दोष सापडण्याआधी किट बदलले आणि दोष अँपिअर मीटरच्या सैल नटात किंवा मायनस केबलमध्ये असला, तर नव्या वायरिंगमध्ये जुना दोष तसाच राहतो आणि मग मालकाचा सगळ्यावरचा विश्वास उडतो. आधी दोष हाताला लागू द्या, मग काय बदलायचे ते ठरवा.

घाटवाट

काल रविवारी सकाळी सगळे मोजले. आकडे देत आहे.

बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्ट; हेडलाइट लावल्यावर तिच्या टोकांवर १२.२. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये ०.०८. अँपिअर मीटरच्या दोन नटांमध्ये ०.०५. नव्या स्विचमध्ये ०.१. बॅटरीचा मायनस ते डोमचा स्क्रू ०.१५, मायनस ते इंजिन ०.०२. चासीला कधी रंग दिलेला नाही.

आता मुख्य आकडा. बॅटरीचा प्लस ते अँपिअर मीटरचा नट, हँडल सरळ असताना १.४ व्होल्ट. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर १.१. डावीकडे नेऊ लागलो तसा आकडा ३, ५, पुन्हा २ असा उड्या मारू लागला आणि हेडलाइट फडफडला. हँडल डावीकडे टोकाला पोहोचताच दिवा विझला आणि मल्टिमीटरवर १२.६ स्थिर झाले. हँडल सरळ केले, दिवा लागला. मी हे सहा वेळा करून पाहिले. सहाही वेळा तेच. तीन आठवडे ज्याने मला रस्त्यावर थांबवले ते घरच्या अंगणात माझ्या हाताच्या इशाऱ्यावर होत होते, हे पाहताना फार मोठा भार उतरला.

काका, आरआर युनिटच्या वायरीबद्दलचे आपले अनुमान अचूक निघाले. ती वायर मधेच कापून फ्यूजच्या धारकाजवळ जोडलेली आहे.

एक शंका आहे. दिवा विझल्यावर १२.६ व्होल्ट दिसले. वायर तुटलेली असताना शून्य दिसायला हवे होते, असे मला वाटले होते. हे कसे?

जुना वायरमन

मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीला आहे आणि दुसरे तुटलेल्या जागेच्या पलीकडे. पलीकडची बाजू हेडलाइटच्या तारेतून चासीला, म्हणजे मायनसला, जोडलेलीच आहे. त्यामुळे तुटलेल्या जागेच्या दोन टोकांमध्ये बॅटरीचा सगळा दाब उभा राहतो आणि तोच मीटर दाखवतो. ओझे नाहीसे झाल्यामुळे बॅटरी १२.२ वरून १२.६ वर आली, हेही त्याच्याशी जुळते. ड्रॉप मोजताना शून्य म्हणजे उत्तम वाट आणि पूर्ण व्होल्ट म्हणजे तुटलेली वाट.

सरळ हँडलला दिसणारे १.४ व्होल्टही किरकोळ समजू नका. हेडलाइटचे ५ आणि चालत्या इंजिनात कॉइलचे सरासरी २ अँपिअर धरले तर त्या एका जागी १० वॅटहून अधिक उष्णता साठते. टेपखाली गुंडाळलेल्या, हवा न लागणाऱ्या वायरीला तेवढी पुरेशी आहे. पेट्रोलची टाकी तिच्या डोक्यावर आहे. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये, अशी माझी विनंती आहे.

टाकी उतरवा, बॅटरीचा मायनस सोडा आणि मानेपासचा टेप कापा. दोष तिथेच कुठेतरी सहा इंचांत असेल.

दुरुस्तीला त्याच जागी जोड मारू नका. फ्यूजपासून अँपिअर मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक केसांची लवचिक वायर अखंड टाका. मानेपाशी तिला थोडी सैल कमान द्या आणि हँडल दोन्ही टोकांना नेऊन ती ताणली जात नाही, कुठे चिमटत नाही हे पाहा. टोकांना थिंबल योग्य पक्कडीने दाबून बसवा. पुष्कळ जण डाख (सोल्डर) देतात. मीही सुरुवातीला देत असे, पण डाख वायरीच्या केसांत वर चढतो, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि गाडीच्या थरथरीने वायर नेमकी डाख संपतो तिथे तुटते. डाख द्यायचाच असेल तर त्यापुढच्या इंचभर वायरीला स्लीव्हचा आधार हवा.

आरआर युनिटची वायर पुन्हा अँपिअर मीटरच्या दुसऱ्या नटाला न्या, म्हणजे काटा खरे बोलू लागेल. ६० वॅटचा हॅलोजन ठेवायचा असेल तर त्याला रिले (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडणारा स्विच) द्या, त्यामुळे हेडलाइटचे ५ अँपिअर स्विचच्या लहानशा टोकांतून जाणार नाहीत. मात्र रिलेची वीज थेट बॅटरीवरून घेऊ नका, मीटरच्या त्याच दुसऱ्या नटावरून, स्वतंत्र १० अँपिअरच्या फ्यूजमार्फत घ्या. बॅटरीवरून घेतली तर हेडलाइटचा खर्च मीटरला चार्जिंग म्हणून दिसेल, आणि आपण पुन्हा चुकीच्या काट्यावर विसंबून राहाल.

दोन स्ट्रोक

माझा कॉइलवरचा संशय चुकीचा होता, हे मान्य करतो. हँडलकडे माझे लक्षच गेले नव्हते. एक विचारतो : असे घाटात अंधारात झाले आणि जवळ मल्टिमीटर नसेल, तर निदान घरी येण्यापुरता काही उपाय आहे का?

जुना वायरमन

आहे. दोन मीटर वायर, तिच्या दोन्ही टोकांना मगरचिमटे आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, एवढे हत्यारांच्या पिशवीत ठेवावे. एक चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा कॉइलच्या स्विचकडून येणाऱ्या टोकाला लावला की बॅटरी-कॉइल पद्धतीच्या गाडीचे इंजिन स्विच व मुख्य वायर वगळून सुरू होते. सुरू झाले तर दोष मधल्या वाटेत आहे हेही सिद्ध होते. चिमट्याची उघडी टोके चासीपासून दूर बांधा. इंजिन बंद करायला चिमटा काढावा लागेल, चावीने ते थांबणार नाही; आणि इंजिन थांबल्यावर चिमटा लावलेला राहिला तर कॉइल जळू शकते. आपल्या आरएक्स १०० ला हा उपाय चालणार नाही, सीडीआयच्या वायरींना बॅटरी लावू नये.

दुसरा एक तथाकथित उपाय मात्र कोणी करू नये. बॅटरीची केबल सोडून चालत्या इंजिनावर चार्जिंग बघण्याची काही गॅरेजमध्ये पद्धत आहे. बॅटरी नसली की व्होल्टेज आवरणारे कोणी उरत नाही, बल्ब पटापट जातात आणि आरआर युनिटही जाऊ शकते.

घाटवाट

टाकी उतरवून टेप कापला. बाहेरचा टेप चार वर्षांपूर्वीचा होता, पावसाने आणि उष्णतेने त्याचा चिकट काळा चिखल झाला होता. आत मुख्य वायर कापून, तिच्यात जादा हॉर्नची वायर घेऊन, तिन्ही टोकांना नुसता पीळ मारलेला होता. थिंबल नाही, डाख नाही. त्या जोडापासून बॅटरीच्या बाजूला अर्ध्या इंचावर प्लॅस्टिक किंचित तपकिरी झालेले दिसले. बोटांत धरून वाकवले तर तेवढा भाग सुतळीसारखा लुळा लागला. ब्लेडने उघडले तेव्हा आतले केस काळे पडून तुटलेले होते आणि तीनच केस जोडलेले राहिले होते, तेही हिरवट. गाडी इतके दिवस या तीन केसांवर चालत होती.

बाकीच्या वायरी वाकवून पाहिल्या. मानेपासचा भाग सोडला तर प्लॅस्टिक मऊ आहे, त्यामुळे पूर्ण किट तूर्त बदलले नाही. पन्हाळा ३५० यांचा सल्ला पुढच्या मोठ्या कामाच्या वेळी पाळीन. काकांनी सांगितल्याप्रमाणे अखंड वायर टाकली, आरआर युनिटची वायर मीटरवर नेली, रिले बसवला आणि जादा हॉर्न काढून टाकले. मुख्य वायरीतला ड्रॉप आता ०.०९ व्होल्ट आहे आणि हँडल कुठेही नेले तरी तो बदलत नाही.

चार्जिंगही मोजले. मध्यम वेगावर, हेडलाइट बंद असताना बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट आणि हेडलाइट लावल्यावर १३.४. काटा चार वर्षांनी प्लसकडे गेला. मात्र इंजिन मंद गतीवर असताना हेडलाइट लावून ब्रेक दाबला की काटा मायनसकडे झुकतो. हे काळजीचे आहे का?

जुना वायरमन

नाही. मंद गतीवर या गाड्यांचा अल्टरनेटर ६० वॅटचा दिवा, २१ वॅटचा ब्रेक लाइट आणि कॉइल असा सगळा भार पेलत नाही, उरलेले बॅटरी देते. थोडा वेग दिल्यावर काटा मध्यावर किंवा प्लसकडे येतो ना, एवढे पाहा. १४.१ आणि १३.४ हे दोन्ही आकडे चांगले आहेत. १५च्या वर गेले असते तर आरआर युनिट तपासायला सांगितले असते. पुढच्या पावसाळ्याआधी मानेपासची कमान एकदा हाताने चाचपून पाहा आणि अँपिअर मीटरचे दोन नट थरथरीने सैल झालेले नाहीत याची खात्री करा.